न पोहोचलेले विमान

घरातील माणूस प्रवासाला निघाले, की घरातल्यांचे निम्मे मन त्याच्याबरोबर प्रवासाला जाते. गाडी वेळेवर सुटली असेल ना, आता घाट ओलांडला असेल, आता उतरण्याचे ठिकाण जवळ आले असेल, असा हिशेब घरबसल्या चालू असतो. गाडीला तासभर उशीर झाला, तरी आईचे डोळे दाराकडे लागतात. आणखी दोन तास गेले, की शेजारीपाजारी धीर द्यायला येतात. आणि त्या धीर देणाऱ्यांतच एखादा असा निघतो, की वाटेत कोठे तरी अपघात झाल्याची ऐकीव बातमी तो सांगून जातो. ती बातमी पुढे खोटी ठरते. परंतु ती खोटी ठरेपर्यंत त्या आईच्या जिवाची जी घालमेल होते, तिची भरपाई कोणालाही करता येत नाही.

जे एका घराच्या बाबतीत घडते, तेच एकदा साऱ्या जगाच्या बाबतीत घडले. ही हकीकत इ. स. २०१४ सालच्या मार्च महिन्यातील आहे.

८ मार्च २०१४ रोजी, मध्यरात्र उलटून ४२ मिनिटे झाली असता, मलेशियाची राजधानी क्वालालंपूर येथून एक प्रवासी विमान चीनच्या राजधानीकडे, म्हणजे बीजिंगकडे निघाले. ते बोइंग ७७७ जातीचे प्रचंड विमान होते. त्यात २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी, असे एकूण २३९ जण होते. दीडशेहून अधिक प्रवासी चीनचे होते. मलेशिया, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांची माणसे त्यांत होती. भारताचेही ५ नागरिक होते. आणि त्यांत महाराष्ट्रातीलही माणसे होती. कोणी कामावर निघाले होते, कोणी सहलीहून परतत होते, कोणी आप्तांच्या भेटीस चालले होते. सकाळी साडेसहा वाजता विमान बीजिंगला उतरायचे होते.

रात्रीचा १ वाजून १९ मिनिटे झाली. विमान आता मलेशियाच्या हद्दीतून व्हिएतनामच्या हद्दीत शिरणार होते. जमिनीवरील नियंत्रकाचा निरोप घेताना विमानातून शब्द आले, “शुभ रात्री, मलेशियन तीन सात शून्य.” आवाज नेहमीसारखाच होता. त्यानंतर दोनच मिनिटांनी नियंत्रकांच्या रडारवरील विमानाची खूण नाहीशी झाली. संकटाची हाक नाही, मदतीची याचना नाही. व्हिएतनामच्या नियंत्रकांनी विमानाला साद घातली. उत्तर आले नाही.

सकाळ झाली. बीजिंगच्या विमानतळावर आप्तांना उतरवून घेण्यास आलेली माणसे फलकाकडे पाहत उभी होती. फलकावर त्या विमानापुढे ‘विलंब’ एवढाच शब्द होता. अखेर ७ वाजून २४ मिनिटांनी विमान कंपनीने जाहीर केले, की विमानाशी असलेला संपर्क तुटला आहे. त्या क्षणी विमानतळावर जो आकांत उसळला, त्याची चित्रे जगभर दिसली. नातेवाइकांना शहरातील एका मोठ्या हॉटेलात नेण्यात आले. तेथील एका दिवाणखान्यात ती माणसे पुढे आठवड्यामागून आठवडे बसून राहिली. कोणाच्या हाती मुलाचे छायाचित्र होते. कोणी आपल्या माणसाच्या मोबाइलचा क्रमांक पुन्हा पुन्हा फिरवून पाहत होता. अन्न समोर येई आणि तसेच परत जाई.

या बातमीने जग हळहळले, आणि केवळ हळहळून थांबले नाही. दक्षिण चीन समुद्रात, जेथे विमान दिसेनासे झाले होते, तेथे शोधकार्य सुरू झाले. त्या समुद्रातील बेटांवरून चीन आणि व्हिएतनाम यांच्यात जुना वाद आहे. तरीही त्या दिवसांत दोघांची जहाजे एकाच कामासाठी त्याच पाण्यात फिरली. शोधाचे क्षेत्र वाढत गेले, तशी मदत करणाऱ्या देशांची संख्या २६ वर पोहोचली. भारताच्या नौदलाने आणि हवाई दलाने अंदमानचा समुद्र व बंगालचा उपसागर धुंडाळला. क्वालालंपूरच्या विमानतळावर एक मोठा फलक उभारण्यात आला. येणारे-जाणारे अनोळखी प्रवासी त्यावर दोन शब्द लिहीत आणि पुढे जात. शाळांतून प्रार्थना झाल्या, देवळे, मशिदी आणि चर्चे यांतून प्रार्थना झाल्या, ठिकठिकाणी मेणबत्त्या लागल्या.

आणखी एक नवलाची गोष्ट घडली. अमेरिकेतील एका कंपनीने उपग्रहांनी टिपलेली समुद्राची छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली आणि लोकांना ती तपासण्याची विनंती केली. लाखो माणसे या कामी पुढे आली. इतकी, की त्या भाराने कंपनीची यंत्रणाच काही काळ बंद पडली. आपले काम आटोपून रात्री घरी आलेली साधी माणसे निळ्या पाण्याचे तुकडे एकामागून एक डोळ्यांखालून घालीत आणि काही पांढरे दिसले, की तेथे खूण करीत. त्यांच्या श्रमांतून विमान सापडले नाही. परंतु कधी न पाहिलेल्या २३९ माणसांसाठी लाखोंनी आपली झोप मोडली, ही गोष्ट काही लहान नव्हे.

मात्र लोकांच्या या जिव्हाळ्याला दुसरीही एक बाजू होती.

विमान गेले कोठे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण “ठाऊक नाही” असे म्हणून गप्प बसणे फार थोड्यांना जमले. रिकाम्या शेतात तण माजावे, तसे त्या अज्ञानाच्या जागी तर्कांचे रान माजले. कोणी म्हणे, विमान पळवून एखाद्या निर्जन बेटावर उतरवले आहे. कोणी म्हणे, ते पाडण्यात आले आहे. कोणी चौकशी पुरी होण्यापूर्वीच वैमानिकांना दोषी ठरवून मोकळे झाले. वैमानिकांनाही घरे होती आणि त्या घरांतही कोणी तरी वाट पाहत होते, याचे भान त्यांना राहिले नाही. एका मांत्रिकाने तर विमानतळावर नारळ आणि बांबूची दुर्बीण घेऊन विधी केला आणि सगळ्या जगात त्याचे हसे झाले. पण त्याला हसणाऱ्यांपैकी कित्येक जण स्वतःही पुराव्यावाचून तितक्याच खात्रीने बोलत होते.

या तर्कांनी कोणाकोणाला घायाळ केले, हे पाहण्यासारखे आहे. विमानातील दोन प्रवासी चोरलेल्या पासपोर्टांवर प्रवास करीत होते, असे पहिल्या एक-दोन दिवसांतच उघडकीस आले. झाले! ते दहशतवादी असले पाहिजेत, असे घरोघरी बोलले जाऊ लागले. वृत्तपत्रांत मथळे झळकले. तीन-चार दिवसांनी पोलिसांनी चौकशी पुरी केली, तेव्हा कळले, की ते दोघे इराणचे तरुण होते. युरोपात आश्रय मिळावा, एवढ्यासाठी त्यांनी तो गैरमार्ग धरला होता. दहशतवादाशी त्यांचा संबंध आढळला नाही. त्यांतील एकाची आई जर्मनीत मुलाची वाट पाहत होती. इतर मातांप्रमाणे तिचाही मुलगा हरवला होता. आणि त्याच वेळी जग त्याला खुनी म्हणत होते.

समुद्रावरही असेच घडले. पाण्यावर तेलाचे तवंग दिसले आणि विमान तेथेच बुडाले, असे सर्वांना वाटले. तपासणीअंती ते तेल विमानाचे नव्हे, असे ठरले. एक पिवळसर वस्तू तरंगताना दिसली. ती जीवरक्षक होडी असावी, अशी बातमी पसरताच बीजिंगच्या त्या दिवाणखान्यात आशेची लहर उठली. हेलिकॉप्टर तेथे पोहोचले, तेव्हा ते केबल गुंडाळण्याच्या रिळाचे शेवाळलेले झाकण निघाले. चीनच्या उपग्रहाने टिपलेल्या तीन मोठ्या वस्तूंचीही हीच गत झाली. त्या ठिकाणी काहीच मिळाले नाही. अशी प्रत्येक बातमी जगाच्या दृष्टीने एक दिवसाची चर्चा होती. वाट पाहणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र ते आपल्या माणसाला पुन्हा एकदा गमावणे होते.

चुका केवळ सामान्य लोकांनीच केल्या असेही नाही. विमानातून आलेले अखेरचे शब्द कोणते, हे सांगतानाही प्रथम गफलत झाली. ते काहीसे सलगीचे, ढिले शब्द असल्याचे आरंभी सांगण्यात आले. त्या शब्दांच्या आधारे वैमानिकांच्या मनःस्थितीविषयी जगभर तर्ककुतर्क चालले. मार्च संपता संपता खरे शब्द प्रसिद्ध झाले. ते रीतसर निरोपाचेच होते. म्हणजे जे शब्द उच्चारलेच गेले नव्हते, त्यांच्या पायावर लोकांनी तीन आठवडे इमले रचले होते. अधिकाऱ्यांच्या बोलण्यात असा फरक पडू लागला, की लोकांचा विश्वास ढळतो. आणि विश्वास ढळला, की अफवेला रान मोकळे मिळते.

या सगळ्या गलबल्यात काही थोडी माणसे मात्र शांतपणे आपले काम करीत होती. त्यांच्यापाशी पुरावा किती होता? लष्कराच्या रडारवर दिसलेल्या खुणांवरून एवढे कळले होते, की विमान माघारी वळले, मलेशियाची भूमी ओलांडून पश्चिमेस गेले आणि अंदमानच्या समुद्रावर २ वाजून २२ मिनिटांनी दिसेनासे झाले. त्यापुढील दुवा मिळाला तो एका ब्रिटिश कंपनीच्या उपग्रहाकडून. विमानातील एक यंत्र साधारणपणे तासातासाने त्या उपग्रहाशी आपोआप संकेतांची देवाणघेवाण करीत होते. त्यात शब्द नव्हते, ठिकाणही नव्हते. ‘मी आहे’, एवढाच त्याचा अर्थ.

पण शास्त्रज्ञांनी त्या मुक्या संकेतांना बोलते केले. स्थानकाकडे येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर चढा ऐकू येतो आणि गाडी पुढे निघून गेली, की तोच स्वर उतरतो. त्याचप्रमाणे संकेताच्या लहरींत पडलेल्या सूक्ष्म फरकावरून विमानाची दिशा अजमावता आली. संकेत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळले. निष्कर्ष असा निघाला, की विमान दक्षिणेकडे वळून हिंदी महासागरावर कित्येक तास उडत राहिले. अखेरचा संकेत सकाळी ८ वाजून १९ मिनिटांनी आला होता. म्हणजे संपर्क तुटल्याचे जगाला सांगितले गेले, त्या वेळी ते विमान आकाशातच होते. आणि त्यानंतरचे कित्येक दिवस जग त्याला भलत्याच समुद्रात शोधीत होते!

२४ मार्च रोजी मलेशियाचे तत्कालीन पंतप्रधान नजीब रझाक यांनी जाहीर केले, की विमानाचा प्रवास दक्षिण हिंदी महासागरात संपला. काही नातेवाइकांना ही वार्ता मोबाइलवरील एका लहानशा संदेशाने कळली. कित्येक जण मूर्च्छित होऊन पडले. कित्येकांचा संताप अनावर झाला. “विमानाचा एक तुकडाही हाती नसताना आमची माणसे गेली असे कसे म्हणता?” असा त्यांचा सवाल होता. दुसऱ्या दिवशी बीजिंगमध्ये त्यांनी मलेशियाच्या वकिलातीवर मोर्चा नेला. प्रेतही नाही, राखही नाही, शेवटचा निरोपही नाही. अशा शोकाला किनारा नसतो. त्या संतापाच्या तळाशी हे दुःख होते, हे ओळखणाऱ्यांनीच त्यांचे खरे सांत्वन केले.

पुढील शोधाचे नेतृत्व ऑस्ट्रेलियाने केले. पर्थ शहराजवळच्या तळावरून सात देशांची विमाने रोज शेकडो कोस दूर उडत जात आणि लाटांवर नजर रोखून परत येत. मासेमारीची तुटकी जाळी दिसली, समुद्रात वाहत आलेला कचरा दिसला. विमान दिसले नाही. त्यानंतर सागराचा तळ तपासण्याचे काम सुरू झाले. तेथे पाण्याची खोली सुमारे चार हजार मीटर आणि कित्येक ठिकाणी त्याहूनही अधिक आहे. सूर्यकिरणाला ठाऊक नसलेला तो प्रदेश ध्वनिलहरींच्या साहाय्याने वावावावाने तपासावा लागला. जानेवारी २०१७ पर्यंत १,२०,००० चौरस किलोमीटर तळ शोधून झाला. महाराष्ट्राच्या एकतृतीयांश भागाहूनही हे क्षेत्र मोठे आहे. त्या तळाशी एकोणिसाव्या शतकातील दोन बुडालेली जहाजे सापडली. पण हे विमान सापडले नाही.

जे मोठमोठ्या यंत्रांना मिळाले नाही, त्याचा एक अंश झाडूवाल्यांच्या हाती लागला. २९ जुलै २०१५ रोजी हिंदी महासागरातील रियुनियन बेटाचा किनारा झाडणाऱ्या कामगारांना शंखशिंपल्यांनी मढलेला एक मोठा तुकडा मिळाला. तो त्याच विमानाच्या पंखाचा भाग ठरला. लागलीच बेटावरचे लोक किनाऱ्यावर मिळेल ते गोळा करून आणू लागले. त्यातली एक धातूची वस्तू घरगुती शिडी निघाली. पण या वेळी हसण्यासारखे काही नव्हते. प्रत्येक वस्तू आधी तपासली जात होती आणि मगच तिच्याविषयी बोलले जात होते. पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरही काही तुकडे मिळाले. डिसेंबर २०१६ मध्ये प्रवाशांचे काही नातेवाईक स्वतःच मादागास्कर बेटावर गेले. किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांतून ते फिरले आणि समुद्राने काही आणून टाकले, तर जपून ठेवा, अशी त्यांनी हात जोडून विनंती केली. भाषा परकी होती, पण मागणे समजायला भाषा लागली नाही.

चौकशीचा अंतिम अहवाल जुलै २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शेकडो पृष्ठांच्या त्या अहवालाचे सार असे, की विमान नाहीसे होण्याचे कारण निश्चितपणे सांगता येत नाही. कित्येकांना हा निष्कर्ष निराशाजनक वाटला. परंतु चार वर्षे चौकशी करून जे सिद्ध झाले नाही, ते सिद्ध झाले नाही असे लिहिण्यातच तपास करणाऱ्यांचा प्रामाणिकपणा होता. तर्काने ती रिकामी जागा भरणे त्यांना कठीण नव्हते. त्यांनी ती भरली नाही.

श्रम सर्वस्वी वाया गेले असेही नाही. प्रवासी विमानाने खुल्या समुद्रावरून जाताना निदान दर १५ मिनिटांनी आपला ठावठिकाणा कळवावा, असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. विमान पाण्यात बुडाल्यास त्यातील नोंदयंत्राचा माग लागावा म्हणून संकेत देणारे उपकरण पूर्वी ३० दिवस चालत असे; ते आता ९० दिवस चालावे, असे ठरले. नातेवाइकांनी आपली संघटना स्थापन केली. दरवर्षी मार्च महिन्यात ते एकत्र जमतात आणि शोध थांबवू नका, एवढेच मागतात. त्यांच्या चिकाटीला यश येऊन मलेशियाच्या सरकारने २०२५ मध्ये, विमान सापडले तरच मोबदला, या अटीवर एका खासगी कंपनीस पुन्हा शोध घेण्यास संमती दिली.

एखादे संकट कोसळते, तेव्हा माणसाचे मन दोन वाटांनी धावते. एक वाट मदतीची असते. त्या वाटेने जहाजे निघतात, दिवे लागतात, अनोळखी माणसे एकमेकांसाठी जागतात. दुसरी वाट उतावीळ जिभेची असते. त्या वाटेने अफवा निघतात आणि त्या नेमक्या दुःखी माणसाच्या दारात जाऊन पोहोचतात. दोन्ही वाटा एकाच मनातून फुटतात. म्हणूनच आपण कोणत्या वाटेने चाललो आहोत, हे ज्याचे त्याने पाहायचे असते. बातमी सांगण्यापूर्वी ती खरी आहे काय, हे विचारावे. आणि ती कोणाच्या कानी पडणार आहे, हेही आठवावे. जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असे म्हणण्यास विद्वत्ता लागत नाही, धैर्य लागते. वाट पाहणाऱ्या माणसाला खोट्या खात्रीपेक्षा असा खरा शब्द आणि शेजारी बसलेले एक शांत माणूस अधिक आधार देते.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एक-दोन वाक्यांत लिहा.
(अ) विमान कोठून कोठे निघाले होते? त्यात किती माणसे होती?
(आ) विमानाचा पहिला तुकडा कोणाला व कोठे मिळाला?
(इ) या घटनेनंतर विमानप्रवासाच्या नियमांत कोणते बदल झाले?

२. पुढील प्रश्नांची उत्तरे पाच-सहा वाक्यांत लिहा.
(अ) चोरलेल्या पासपोर्टांवर प्रवास करणाऱ्या दोन तरुणांविषयी लोकांचा समज कसा झाला? सत्य काय निघाले?
(आ) आगगाडीच्या शिटीचा दृष्टान्त पाठात कशासाठी दिला आहे?
(इ) ‘जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असे म्हणण्यास धैर्य लागते.’ हे वाक्य अंतिम अहवालाच्या आधारे स्पष्ट करा.

३. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : जिवाची घालमेल होणे, रान मोकळे मिळणे, डोळ्यांखालून घालणे, हसे होणे, विश्वास ढळणे.

४. तुमच्या गावात किंवा वाडीत एखादी अफवा पसरली आणि पुढे ती खोटी ठरली, असा प्रसंग वडील माणसांना विचारून दहा ओळींत लिहा. त्या अफवेमुळे कोणाला त्रास झाला, हे अवश्य नमूद करा.